पत्त्यांच्या कॅटमधून दहा आज्ञा कशा शिकवायच्या: घरासाठी आणि संडे स्कूलसाठी पूर्ण पद्धत

साध्या पत्त्यांच्या कॅटमध्ये एक्क्यापासून दश्शीपर्यंत चारही रंगांची मिळून ४० पानं असतात आणि आज्ञा आहेत १०, म्हणजे प्रत्येक आज्ञेच्या वाट्याला बरोब्बर चार पानं येतात, आणि वर राजा-राणी-गुलाम अशी १२ पानं उरतात ती बायबलमधल्या माणसांसाठी. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे. मुलांना दहा आज्ञा नुसत्या पाठ करायला लावल्या तर ती घडाघडा म्हणून दाखवतात आणि थोड्या दिवसांनी सहावी कुठली नि आठवी कुठली यात गोंधळ सुरू, पण हातात अठ्ठी धरून "चोरी करू नको" दहा वेळा म्हटलेलं मूल ते सहसा विसरत नाही.

अर्थात माझं म्हणणं पाठांतरावर थांबत नाही. पानाला अर्थ चिकटवणं ही फक्त सुरुवात आहे, आज्ञेशी खरी गाठ पडते ती डाव रंगात आल्यावर, जेव्हा हातातलं पान लपवता येत असतं आणि बघणारं कोणीच नसतं. म्हणून खाली तयारी सांगितलीय, अर्थ सांगितलेत, पण सगळ्यात जास्त वेळ मी खेळांवरच घालवणार आहे.

आधी मोठ्यांशी बोलून घ्या

कॅट बाहेर काढायच्या आधी घरातल्या मोठ्यांशी, आणि मंडळीत करणार असाल तर पाळकांशी बोला. पत्ते म्हटलं की बऱ्याच विश्वासू लोकांच्या डोळ्यासमोर जुगारच येतो आणि त्याला कारणंही आहेत, कित्येकांनी घरं बुडताना बघितलेली असतात. बायबलमध्ये पत्त्यांचा उल्लेख कुठेच नाही, असणारही नाही, कारण पत्ते युरोपात पोहोचले तेच १४व्या शतकात. चिठ्ठ्या टाकण्याचे उल्लेख मात्र भरपूर आहेत: यहोशवाने देशाची वाटणी चिठ्ठ्या टाकून केली, योनाचं नाव जहाजावर चिठ्ठीतूनच निघालं, यहूदाच्या जागी मत्थियाची निवडसुद्धा चिठ्ठीने झाली (प्रेषितांची कृत्ये १:२६), आणि वधस्तंभाखाली शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यासाठी टाकल्या त्याही चिठ्ठ्याच. तेव्हा नशिबाने पान येणं ही गोष्ट मुळातच पाप आहे असं म्हणता येत नाही, प्रश्न येतो तो मनात लोभ शिरतो तेव्हा.

पैसे लावून खेळायचं नाही, हा माझा पहिला आणि न बदलणारा रूल. चिल्लरसुद्धा नाही, चॉकलेटंसुद्धा नाही. "जुगार खेळू नको" असं शब्दशः कुठल्याच आज्ञेत लिहिलेलं नाही हे खरं, पण शेजाऱ्याचा खिसा रिकामा झाला तरच माझा भरतो अशी रचना असलेला खेळ दहाव्या आज्ञेच्या समोर कसा उभा राहणार? १ तीमथ्य ६:१० मधलं पैशाच्या लोभाचं वचन इथे तंतोतंत लागू पडतं. दुसरी गोष्ट, पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा प्रकार गमतीतही नको, अनुवाद १८:१०-१२ मध्ये शकुन बघण्याला स्पष्ट मनाई आहे. आता लोक टॅरोचं, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचं नाव घेतात, तर टॅरो हा १५व्या शतकात इटलीत सुरू झालेला निव्वळ खेळ होता, भविष्याचं लचांड त्याच्यामागे १८व्या शतकात फ्रान्समध्ये लागलं. म्हणजे एकच वस्तू माणसं कशी वापरतात यावर किती फरक पडतो बघा.

एवढं करूनही कोणाच्या मनाला ते पटत नसेल, किंवा ग्रुपमध्ये जुगारातून बाहेर पडलेलं कोणी असेल, तर नेहमीचा कॅट टेबलावर आणूच नका. रोमकरांस १४ आणि १ करिंथकरांस ८ मध्ये पौलाने हेच सांगितलंय, आपल्याला मोकळीक आहे म्हणून भावाला अडखळण होऊ नये. यात अडचण काहीच नाही, जाड कागदाचे चौकोन कापून चार रंगांच्या पेनांनी १ ते १० आकडे लिहिले की काम होतं. अमेरिकेत १९०६ मध्ये पार्कर ब्रदर्सनी रूक नावाचा खेळ काढला तो याच विचारातून, राजा-राणी-गुलाम नाहीत, बदाम-इस्पिक नाहीत, नुसते चार रंग आणि आकडे, आणि ज्या ख्रिस्ती घरांमध्ये नेहमीचे पत्ते चालत नव्हते तिथे तो खूप चालला.

ही कल्पना आपली नाही, जुनी आहे

कोणी म्हणालं की हे काय नवीन फॅड, तर त्यांना सांगायला थोडा इतिहास माहीत असलेला बरा. १३७७ मध्ये, म्हणजे पत्ते युरोपात नुकतेच आले होते तेव्हा, योहानेस नावाच्या एका डॉमिनिकन मठवासीयाने पत्त्यांवर लॅटिनमध्ये चक्क ग्रंथ लिहिला आणि राजापासून खालच्या पानापर्यंत प्रत्येकाचा आधार घेऊन समाजातल्या माणसांनी कसं वागावं ते समजावलं. त्याच वर्षी फ्लॉरेन्स शहराने पत्त्यांवर बंधनं आणली होती! म्हणजे एकीकडे बंदी आणि दुसरीकडे धर्मशिक्षण, दोन्ही एकदमच सुरू झालं. पुढे १४२३ मध्ये सिएनाचा बर्नार्दिनो नावाच्या संन्यासी प्रवचनकाराने बोलोन्यात जुगाराविरुद्ध प्रवचनं केली, लोकांनी पत्ते आणून जाळले, आणि सांगतात की एक पत्ते रंगवणारा कारागीर त्याच्याकडे आला, म्हणाला माझं पोट यावरच आहे, आता मी करू काय, तेव्हा बर्नार्दिनोने त्याला येशूच्या नावाची अक्षरं काढून दिली आणि म्हणाला हे रंगव. मला ही गोष्ट फार आवडते कारण त्याने नुसतं "बंद कर" म्हणून त्या माणसाला वाऱ्यावर सोडलं नाही.

आणि ती चर्चमधल्या शिपायाची लोककथा, ती तर इंग्लंडमध्ये निदान १८व्या शतकापासून सांगितली जातेय. शिपाई उपासनेत बायबलऐवजी पत्ते उघडतो, त्याला पकडून अधिकाऱ्यासमोर नेतात, आणि तो एकेका पानाचा अर्थ सांगून सुटतो. त्यातलं बरंच उचलण्यासारखं आहे, फक्त एक गोष्ट आधी तपासून घ्या. कथेत म्हणतात की कॅटवरचे ठिपके मोजले तर ३६५ भरतात, वर्षाचे दिवस. हुशार मूल लगेच मोजायला बसतं आणि एक्का ते दश्शी ठिपके भरतात २२०. ३६५ हा आकडा येतो तो गुलाम ११, राणी १२, राजा १३ धरून, तेव्हा बेरीज होते ३६४, आणि त्यात जोकरचा एक. जोकर तर १८६०च्या दशकात अमेरिकेत आला, त्याच्या आधी कुठला एक धरायचा? ५२ पानं म्हणजे ५२ आठवडे आणि १२ चित्रं म्हणजे १२ महिने हे मात्र बरोबर जुळतं, तेवढं खुशाल सांगा. विश्वासाची गोष्ट शिकवताना बेरीज चुकीची सांगू नये असं माझं ठाम मत आहे, मूल एकदा बेरजेत फसलं की बाकीच्यावरही शंका घेतं.

पहिली बैठक: फक्त आकडे

पहिल्या दिवशी आज्ञांना हात लावू नका. एकाच रंगाची दहा पानं घ्या, बदामाची घ्या, आणि आकड्यांवरून बायबलची ओळख करून द्या. एक्का म्हणजे एकच देव, अनुवाद ६:४. दुर्रीला जुना करार-नवा करार सांगतात, मी त्याच्याबरोबर दोन दगडी पाट्यापण सांगते कारण पुढे आपल्याला तिकडेच जायचंय. तिर्री पिता, पुत्र, पवित्र आत्मा. चौव्वी चार शुभवर्तमानं, पंजी दिवे तयार ठेवणाऱ्या पाच शहाण्या कुमारी, छक्की उत्पत्तीचे सहा दिवस, सत्ती विसाव्याचा दिवस, अठ्ठी तारवात वाचलेली आठ माणसं, म्हणजे नोहा, त्याची बायको, तीन मुलगे आणि तीन सुना. नव्वीला जुन्या कथेत आभार न मानता निघून गेलेले नऊ कुष्ठरोगी आहेत (लूक १७), ती गोष्ट चांगलीच आहे, पण गलतीकरांस ५:२२-२३ मधलं आत्म्याचं फळ मोजलं तर तेही नऊच गुण भरतात, मुलं लहान असतील तर हे घ्या. आणि दश्शी दहा आज्ञा.

एक ठिकाण असं आहे जिथे बहुतेक सगळी मुलं अडखळतात, ते आधीच लक्षात ठेवा. सत्ती म्हणजे विसावा, सातवा दिवस, पण शब्बाथाची आज्ञा मात्र चौथी आहे. दोन्ही एकाच बैठकीत शिकवलं तर महिनाभर तो गुंता सुटत नाही. म्हणून आकड्यांची बैठक वेगळी आणि आज्ञांची वेगळी, मधे निदान एक आठवडा जाऊ द्या.

दुसरी बैठक: कुठली आज्ञा कितवी

आता कॅट खरा तयार करायचा. पण त्याआधी नंबर ठरवा, कारण दहा आज्ञा सगळे मानतात तरी त्यांची मोजणी सगळीकडे एक नाही. बहुतेक प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये दुसरे देव नकोत ही पहिली, कोरीव मूर्ती करू नको ही दुसरी. कॅथलिक आणि लुथेरन पद्धतीत या दोन्ही मिळून पहिली, आणि शेवटी लोभाचे दोन भाग करून नववी-दहावी होते. त्यामुळे आईवडिलांचा मान राख ही एका घरात पंजी आणि दुसऱ्या घरात चौव्वी! वचनं तीच आहेत, निर्गम २० आणि अनुवाद ५, कोणी काही गाळलेलं नाही. मिश्र ग्रुप असेल तर हे पहिल्यांदाच मोकळेपणाने सांगा आणि त्या दिवसापुरती एक पद्धत धरा. खाली मी पहिली मोजणी धरलीय.

चार रंगांना चार कामं द्यायची. बदामावर आज्ञा, छोट्या शब्दांत: १ दुसरे देव नकोत, २ मूर्ती करू नको, ३ देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको, ४ शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस पाळ, ५ आईवडिलांचा मान राख, ६ खून करू नको, ७ व्यभिचार करू नको, ८ चोरी करू नको, ९ खोटी साक्ष देऊ नको, १० शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको. किल्वरवर ती आज्ञा मोडल्याची बायबलमधली गोष्ट. चौकटवर त्याबद्दल येशूने किंवा प्रेषितांनी काय म्हटलं. आणि इस्पिकवर आजचा प्रश्न, जो मुलांच्या किंवा तरुणांच्या रोजच्या जगण्यातला असेल. पानाच्या मधोमध लिहू नका, आकडा आणि चिन्ह दिसलं पाहिजे, छोटा पांढरा स्टिकर लावून त्यावर बारीक पेनाने फक्त दोन-तीन शब्द आणि वचनाचा नंबर. स्टिकर पुढच्या बाजूलाच, पाठीवर काही दिसलं तर पान ओळखू येतं आणि खेळ संपला.

एक्क्याच्या किल्वरवर शलमोन राजा, जो म्हातारपणी दुसऱ्या देवांच्या मागे लागला (१ राजे ११), चौकटवर मत्तय ४:१०. दुर्रीला सोन्याचं वासरू, निर्गम ३२, आणि १ योहान ५:२१. तिर्रीसाठी मला स्किवा नावाच्या यहूदी याजकाच्या सात मुलांची गोष्ट सगळ्यात जमून येते (प्रेषितांची कृत्ये १९), येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले आणि उघडेनागडे पळत सुटले, मुलांना ही गोष्ट एकदा सांगितली की नाव व्यर्थ घेणं म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही. चौकटवर मत्तय ६:९. चौव्वीला सातव्या दिवशी मान्ना, म्हणजे देवाने रानात दिलेलं अन्न, गोळा करायला गेलेले लोक, निर्गम १६:२७, आणि मार्क २:२७. पंजीला बापाविरुद्ध, दावीदाविरुद्ध बंड करणारा अबशालोम, आणि इफिसकरांस ६:१-३. छक्कीला भावाला मारणारा काइन, मत्तय ५:२१-२२. सत्तीला दावीद आणि बथशेबा, मत्तय ५:२७-२८, पण वर्गात लहान मुलं असतील तर बदामाच्या पानावर "दिलेला शब्द पाळ, विश्वासू राहा" एवढंच लिहा आणि बाकीचं वयाप्रमाणे. अठ्ठीला आखान, ज्याने लूट तंबूत पुरून ठेवली (यहोशवा ७), चौकटवर इफिसकरांस ४:२८, जिथे पौल चोराला नुसतं चोरी सोड म्हणत नाही, तर कष्ट कर म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याकडे काही राहील असं म्हणतो. नव्वी आणि दश्शीला मी मुद्दाम एकच गोष्ट देते, नाबोथाचा द्राक्षमळा, १ राजे २१. नव्वीच्या चौकटवर इफिसकरांस ४:२५ आणि दश्शीच्या लूक १२:१५.

नाबोथाची गोष्ट पानांनी सांगून बघा, मी तर म्हणेन सगळ्या कॅटमधला हा सगळ्यात मोठा धडा आहे. किल्वरची दश्शी टेबलावर ठेवा: अहाब राजाला शेजाऱ्याचा मळा हवा असतो, मिळत नाही म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, जेवत नाही. एवढंच घडलंय अजून, कोणाचं नुकसान नाही. तिच्या शेजारी नव्वी: राणी ईजबेल दोन खोटे साक्षीदार उभे करते. मग छक्की: नाबोथाला दगडमार करून मारतात. मग अठ्ठी: अहाब मळ्याचा ताबा घ्यायला खाली उतरतो. दहा, नऊ, सहा, आठ अशी चार पानं ओळीने पडली की मुलं स्वतःच विचारतात, मग हे थांबवायचं कुठल्या पानावर? मुलांना बोलू द्या. कोणी छक्कीवर बोट ठेवतं, कोणी नव्वीवर, आणि बहुतेक वेळा कोणीतरी शांतपणे दश्शी उचलतं.

राजा, राणी, गुलाम

जुन्या कथेत गुलामाला सैतान करून टाकलंय, मला ते पटत नाही. बायबलमध्ये गुलामीत विकलेली, पकडून नेलेली माणसं इतकी मोठी आहेत की त्या पानाला मान द्यायलाच हवा. बदाम गुलाम योसेफ: २० रुप्यांच्या नाण्यांना भावांनी विकला, आणि पोटीफराच्या घरात त्याने सातवी आज्ञा पाळली तेव्हा आज्ञा दगडावर लिहिल्याही नव्हत्या. चौकट गुलाम अनेसिम, ज्याला पौलाने त्याच्या मालकाकडे, फिलेमोनाकडे परत पाठवताना दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे असं लिहिलं. इस्पिक गुलामावर अरामी सेनापती नामानाच्या घरातली ती पकडून आणलेली मुलगी, जिचं नावही दिलेलं नाही तरी तिच्या एका वाक्याने सेनापती बरा झाला. किल्वर मोडल्याच्या गोष्टींचा रंग आहे, तिथे अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी, त्याने नामानाच्या मागे धावत जाऊन खोटं बोलून चांदी आणि कपडे घेतले. दोन्ही पानं एकाच अध्यायातली आहेत (२ राजे ५), शेजारी ठेवून बघा.

राजे बदाम दावीद, चौकट शलमोन, किल्वर अहाब, इस्पिक योशीया, जो आठव्या वर्षी राजा झाला आणि नियमशास्त्राचं पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा त्याने आपले कपडे फाडले. राण्या बदाम एस्तेर, चौकट शबाची राणी, किल्वर ईजबेल, आणि इस्पिक राणी कांदके, जिचा खजिनदार रथात बसून यशया वाचत होता आणि समजावून सांगणारं कोणी हवं होतं त्याला. जाता जाता, फ्रेंच पत्त्यांमध्ये चित्रांना नावं देण्याची जुनी पद्धत आहे, तिथे इस्पिक राजा दावीद, चौकट राणी राहेल आणि बदाम राणी यहूदीथ आहे, म्हणजे बायबलची माणसं कॅटमध्ये आधीपासूनच आहेत.

आता खेळा

सगळ्यात सोपा खेळ जोड्या लावण्याचा. ४० पानं एकदम नको, फक्त बदाम आणि किल्वर घ्या, २० पानं पिसून पाच-पाचच्या चार ओळींत उपडी मांडा. दोन पानं उलटायची, आकडा जुळला तर आज्ञा आणि गोष्ट दोन्ही मोठ्याने सांगायची आणि जोडी आपली. सांगता आलं नाही तर पानं परत उपडी. दोन-तीन डाव झाले की किल्वरच्या जागी चौकट आणा.

दुसरा म्हणजे बदाम सात, फक्त तो सत्तीऐवजी पंजीपासून सुरू करायचा. कारण या मोजणीत १ ते ४ आज्ञा देवाशी कसं वागायचं त्याच्या आहेत आणि ५ ते १० माणसांशी, येशूने मत्तय २२:३७-४० मध्ये दोन मोठ्या आज्ञा सांगितल्या तोच हा भाग. बदाम पंजी ज्याच्याकडे तो उतारी करणार, मग खाली चौव्वी-तिर्री-दुर्री-एक्का देवाकडे, वर छक्की ते दश्शी शेजाऱ्याकडे, इतर रंगही आपापल्या पंजीपासून उघडायचे, आणि पान टाकताना त्यावरचं म्हणायचं. (कॅथलिक मोजणी असेल तर चौव्वीपासून सुरू करा.) इथे एक रूल पक्का ठेवा, टाकता येण्यासारखं पान हातात असेल तर टाकायलाच लागेल. नेहमीच्या खेळात लोक समोरच्याला अडवायला पान दाबून पास म्हणतात, इथे पास म्हणजे "माझ्याकडे नाही" असाच अर्थ धरायचा.

आणि तिसरा खेळ, ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप सांगतेय. चौकडी जमवण्याचा. ४० पानं पिसा, प्रत्येकी पाच वाटा, उरलेली गड्डी मधे. ज्याची पाळी तो कोणा एकाचं नाव घेऊन विचारतो, "तुझ्याकडे आठवी आज्ञा आहे का?" विचारणाऱ्याकडे त्या आकड्याचं निदान एक पान असलंच पाहिजे. समोरच्याकडे असतील तितकी सगळी अठ्ठी त्याने द्यायची आणि विचारणाऱ्याला परत पाळी, नसतील तर "नाही" म्हणायचं आणि विचारणाऱ्याने गड्डीतून एक उचलायचं. चार जमली की खाली मांडायची, आज्ञा, गोष्ट, वचन सांगायचं, आणि इस्पिकवरच्या प्रश्नाला स्वतःचं उत्तर द्यायचं.

आता बघा काय होतं. एक मुलगी तीन अठ्ठी धरून बसलीय, चौथीची वाट बघतेय, आणि तिचा दादा नेमकं तिलाच विचारतो, "आठवी आहे का गं?" ती पानांकडे बघते, मग दादाकडे, पानं छातीशी आणखी जवळ धरते. नुसतं "नाही" म्हटलं तर कोणालाही कळणार नाही, डाव तिचा. आजी काही बोलत नाही, कोणीच बोलत नाही. मग ती तीन पानं एक-एक करून त्याच्यापुढे ठेवते, डोळ्यात पाणी, आणि सगळ्यात वरच्या पानावर लिहिलेलं असतं "चोरी करू नको". त्या क्षणी आठवी आणि नववी आज्ञा तिने पाळलेली असते, पाठ म्हणून दाखवलेली नसते. मोठ्यांनी अशा वेळी लगेच शाबासकीचा वर्षाव करू नये, आणि लेक्चर तर अजिबात देऊ नये, खेळ पुढे जाऊ द्यावा, डाव संपल्यावर शांतपणे दोन शब्द बोलावेत.

उलटं झालं तर? म्हणजे एखाद्याने खोटं "नाही" म्हटलं आणि शेवटी पानं उघडी पडल्यावर कळलं तर? सगळ्यांसमोर तमाशा करू नका. बाजूला घेऊन विचारा, माफी मागायची संधी द्या, आणि पुढच्या डावात त्याला परत बसवा. खेळातून बाहेर काढलं तर मूल एवढंच शिकतं की पकडलं जायचं नाही.

तरुणांच्या ग्रुपमध्ये हमखास एक प्रश्न येतो, मग चॅलेंजसारख्या खेळात, जिथे पान उपडं टाकून दुसरंच सांगता येतं, खोटं पान सांगतात ते पाप का? माझं मत असं की जिथे सगळ्यांना आधीच माहीत आहे की फसवणं हाच खेळ आहे तिथे ती शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष होत नाही, कोणाचं नावही जात नाही आणि हक्कही जात नाही. पण रंग असून लपवणं, शेजाऱ्याच्या हातात डोकावणं, वाटताना खालचं पान काढणं हे मात्र सरळ चोरीत जमा, कारण तिथे समोरचा रूलवर विश्वास ठेवून बसलेला असतो. तरी दहा वर्षांच्या आतल्या मुलांना मी चॅलेंज खेळायला देत नाही, दोन्हींतला फरक त्यांना अजून नीट कळत नाही. आणि नातवाला जिंकू द्यायचं म्हणून आजोबांनी मुद्दाम हरणं? यावर लोक तासभर वाद घालतात, मला विचाराल तर सोपा खेळ निवडा आणि खरं खेळा, मुलांना आपलं खोटं हरणं समजतं.

टेबलावरचं वागणं

चौथ्या आज्ञेबद्दल घराघरांत मतं वेगळी आहेत, काही घरांत रविवारी खेळ नसतोच, काहींना हा विसाव्याचाच भाग वाटतो, तिथे रोमकरांस १४:५ प्रमाणे ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करावी आणि दुसऱ्याला दोष देऊ नये. वेळ मात्र ठरवून ठेवा, पाऊण तास पुरे. हरल्यावर पानं आपटणं, "तू मुद्दाम केलंस" म्हणून चिडणं, हे छक्कीच्या चौकटवर आहे, मत्तय ५:२२, डाव थांबवून ते पान उचलून दाखवलं तरी काम होतं. वाटलेली पानं वाईट आली की मुलं लगेच म्हणतात "त्याला बघ कसली भारी आली", तेव्हा दश्शी. तिर्रीची आठवण तर मोठ्यांनाच जास्त करून द्यावी लागते, डाव उलटला की देवाचं नाव तोंडातून कसं निघतं ते ऐका.

आणि दुसरी आज्ञा कॅटलाही लागू आहे. ही पानं पवित्र नाहीत, त्यांच्यात काही शक्ती नाही, फाटलं तर चिकटवा, हरवलं तर पुठ्ठ्याचं करा, त्याबद्दल कोणाला रागवायची गरज नाही. बायबल शेजारी उघडं असू द्या, चौकटचं पान आलं की आठवणीवर न जाता वचन काढून वाचायचं, ही सवय लागली की कॅटची गरज हळूहळू कमी होते आणि व्हायलाच पाहिजे.

इस्पिकची दहा पानं तेवढी दर काही महिन्यांनी बदला. सुरुवातीला प्रश्न तुम्ही लिहा, जसं की मित्राने परीक्षेत पेपर दाखवायला सांगितला तर, ग्रुपवर कोणाबद्दल खरं-खोटं माहीत नसलेला मेसेज आला तर पुढे पाठवायचा का, आईबाबा चुकीचं वागतायत असं वाटलं तर मान कसा राखायचा. दुसऱ्या फेरीत मात्र जुने स्टिकर काढून कोरे लावा आणि पेन मुलांच्या हातात द्या, प्रत्येकाने एक आज्ञा निवडायची, आपल्याला खरोखर पडलेला प्रश्न लिहायचा, नाव लिहायचं नाही, आणि सगळी पानं पिसून गड्डीत टाकायची.